परवान्यात गोळीचं वजन कुठे आहे?

बंदुकीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुठली?" दुसरा, "केवढ्याची?" आणि तिसरा, "लायसन्स कसं मिळालं?" गोळी किती ग्रेनची, तिच्यामागे दारू किती आणि जनावराच्या अंगात शिरल्यावर ती गोळी काय करते, हे सहसा कोणी विचारत नाही. फौजेत वीस वर्षांच्या वर काढल्यावर माझं मत असं झालंय की बंदुकीपेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. सरकार एखादं रानडुक्कर, रोही किंवा माणसावर उठलेला वाघ मारायची परवानगी देतं, तेव्हा त्या कागदावरही त्यांची उत्तरं असायला हवीत.

हा विषय माझ्यासमोर आला तो चामराजपेटेत. बंगळुरूला बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत चार महिने आम्ही तिथे भाड्याने राहिलो. घरमालक सत्तरीचे, मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. कनकपुऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून त्यांचं नाचणीचं शेत आहे, आणि पीक राखणीसाठी वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या परवान्यावर एक .315 रायफल. त्यांचा भाचा टेक्सासमध्ये असतो, सुट्टीत हरणांची आणि रानडुकरांची शिकार करतो. तो आला की मामा-भाच्यांचा ठरलेला वाद सुरू व्हायचा. भाचा म्हणायचा, गोळी हलकी आणि वेगवान हवी. काका म्हणायचे, जड गोळी आणि भरपूर दारू, बस. एका संध्याकाळी काका मला म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

वाद व्हायला जागा मात्र चांगली होती. चामराजपेट वसली 1892 मध्ये, दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने. पण तिच्या शेजारचा परिसर बंदुकीच्या दारूला त्याच्या शंभर वर्षं आधीपासून ओळखतो. आलूर वेंकटराव रस्त्यावर टिपूचा लाकडी महाल आहे. हैदरने सुरू केलेला तो वाडा टिपूने 1791 मध्ये पुरा केला. टिपूच्या सैन्याचे अग्निबाण आपण शाळेत वाचलेत. त्यांचं वैशिष्ट्य असं की दारू लोखंडी नळीत भरलेली असे. बांबूच्या किंवा कागदाच्या नळीला जो दाब सोसत नाही तो लोखंडाला सोसतो, म्हणून बाण लांब जाई. दारूगोळ्याच्या शास्त्रातला पहिला धडा हाच आहे. दारू किती, एवढं कळून भागत नाही. ती कशात कोंडली आहे आणि तिच्यापुढे किती वजन ढकलायला ठेवलं आहे, हेही पाहावं लागतं.

याच म्हैसूर संस्थानात जी. पी. सँडरसन हा इंग्रज अधिकारी हत्ती पकडण्याच्या खेड्याचं काम पाहत असे. त्याचं शिकारीवरचं पुस्तक 1878 मध्ये निघालं. हत्ती आणि गव्यासाठी त्या काळात चार बोरच्या बंदुका वापरत आणि त्यानेही वापरली. चार बोर म्हणजे एका पौंड शिशात चारच गोळ्या, म्हणजे एक गोळी सव्वाशे ग्रॅमला जरा कमी. अशा बंदुकीत दहा-बारा ड्रॅम काळी दारू, म्हणजे अठरा-वीस ग्रॅम, भरायचे. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नाही. वेग मिळत नसेल तर जोर वाढवायला वजनच वाढवावं लागतं. काकांचं "जड गोळी, भरपूर दारू" हे त्या काळचं शहाणपण आहे, आणि त्या काळापुरतं ते बरोबर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली आणि हिशेब बदलला.

आता हिशेब काय तो पाहू. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण 0.065 ग्रॅम. गोळीचं वजन दुप्पट केलं तर त्याच वेगाला तिची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. भाच्याचं म्हणणं इथून निघतं. पण एवढ्यावर थांबता येत नाही. त्याच बोरची हलकी गोळी आखूड असते, हवेत तिचा वेग लवकर उतरतो आणि हाडावर आदळली तर ती आत फार खोल जात नाही. जड गोळी लांब असते, वेग कमी असला तरी आत शिरत राहते. मात्र लांब गोळीला हवेत सरळ ठेवायला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. तो नसेल तर गोळी डळमळते आणि निशाण्यावर आडवी लागते.

म्हणून गोळी बदलली की दारूही बदलावी लागते. जड गोळी नळीतून हळू सरकते, मागे वायूला पसरायला जागा उशिरा मिळते आणि दाब चढतो. हलक्या गोळीसाठी जमलेली दारू तशीच जड गोळीमागे भरली तर बोल्ट अडकण्यापासून नळी फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यात प्रत्येक दारूचा जळण्याचा वेग वेगळा. टेक्सासच्या भाच्याकडे गॅरेजमध्ये दाबयंत्र आहे, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा आहे आणि दारू बनवणाऱ्या कंपनीने छापलेले तक्ते आहेत. तो तक्त्यातल्या कमीत कमी मापापासून सुरुवात करतो, थोडं थोडं वाढवत जातो आणि प्रत्येक मापाच्या पाच-पाच गोळ्या कागदावर मारून पाहतो. ज्या मापाला गोळ्या सर्वांत जवळ पडतात ते त्याचं माप. बहुतेक वेळा ते सर्वांत जास्त दारूचं माप नसतं. हे ऐकून काका गप्प झाले. एवढं मोजूनमापून शेवटी दारू कमीच घालायची, हे त्यांना पटायला जरा वेळ लागला.

उन्हाचाही हिशेब असतो. कॉर्डाइटच्या जमान्यात हिंदुस्थान आणि आफ्रिकेच्या उन्हात दाब इतका वाढे की पुंगळ्या नळीत घट्ट बसत आणि दुसरी गोळी भरायच्या ऐन वेळी बंदूक उघडत नसे. म्हणून इंग्रज कारखाने गरम मुलखासाठी कमी दारूची वेगळी काडतुसं भरत. आजची दारू पुष्कळ सुधारली आहे, तरी उष्णतेचा परिणाम पुरता गेलेला नाही. डिसेंबरातल्या बंगळुरूत झिरो केलेली रायफल मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात नेली, तर गोळी तिथेच पडेल असं धरून चालू नये. निघण्याआधी एकदा कागदावर मारून बघावं.

इथे फौजी माणसाला एक सावधगिरी लागते. खडकवासल्यापासून आम्हाला जी गोळी हाताळायला मिळाली ती पूर्ण कवचाची. तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण टोकापर्यंत चढवलेली ही गोळी अंगात शिरली की सहसा पसरत नाही. त्यामागे इतिहास आहे. 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात .303 ची अशी गोळी बनली जिचं टोक उघडं होतं आणि लागल्यावर ती फुलासारखी पसरायची. त्यावर युरोपात वादळ उठलं आणि 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरायला मनाई केली. आजही जगभरच्या फौजा कवचाची गोळी वापरतात त्याचं एक मोठं कारण हे.

शिकारीत नियम बरोबर उलटा आहे. रानडुकराला कवचाची गोळी मारली तर ती बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाऊ शकते. जनावर पडत नाही, पळतं. दोन दिवसांनी उसाच्या फडात मरतं किंवा मरतही नाही, चिडून बसतं. म्हणून शिकारीला उघड्या टोकाची, पसरणारी गोळी लागते. युद्धात जी क्रूर ठरवून बंद केली, तीच जनावराला लवकर मरण देते म्हणून दयेची ठरते. हे विचित्र वाटेल, पण सैनिकाच्या गोळीने माणूस लढाईतून बाद झाला तरी तिचं काम होतं, आणि मागून स्ट्रेचर येतं. जनावरामागे स्ट्रेचर येत नाही. त्यामुळे "फौजीला विचारा, त्याला बंदुकीतलं कळतं" हे अर्धंच खरं आहे. नेम, श्वास, ट्रिगर यातलं मला कळतं. पण फौजेची गोळी घेऊन डुकरामागे जाणारा माणूस, फौजी असला तरी, चुकीची गोळी घेऊन चालला आहे.

आपल्या देशात निवड फारशी उरलेलीच नाही. इंग्रजांना फौजेच्या मापाची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती नको होती, म्हणून .303 बंद आणि तिच्याऐवजी .315 खुली. ही .315 म्हणजे मुळात जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसाचं रूप. इंग्रज गेले, तरी व्यवस्था तीच राहिली. इछापूरच्या कारखान्याने .315 रायफल बनवली आणि तिची गोळी ठरलेली: सुमारे 244 ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमला जराशी कमी. जड, बोथट तोंडाची, मध्यम वेगाची. बारा बोरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, आणि तो कारखाना 1869 पासूनचा आहे. घरी बसून वेगळं काही भरायचं म्हटलं तर 1959 चा शस्त्र अधिनियम आडवा येतो. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. भाच्याचं गॅरेज इथे चामराजपेटेत उभं केलं तर पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागेल.

हा कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. दारू, कॅपा आणि यंत्रं घरोघर गेली तर त्यातली किती डुकरांसाठी वापरली जातील आणि किती माणसांसाठी, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. गावठी कट्टे पकडून देणाऱ्या तुकड्यांबरोबर मी काम केलेलं आहे. पण गोळी निवडण्याचा अधिकार नाही म्हणून गोळी समजून घ्यायची जबाबदारी संपत नाही. उलट वाढते. भाचा अंतराप्रमाणे गोळी बदलू शकतो. काकांची गोळी बदलता येत नाही, म्हणून त्यांना अंतर बदलावं लागेल. त्यांची 244 ग्रेनची गोळी जवळून रानडुकराला पुरून उरेल. शंभर मीटरला झिरो केली असेल तर दोनशे मीटरवर ती वीतभराहून जास्त खाली पडेल. खांद्यामागे धरलेला नेम पोटाखाली किंवा पायावर जाईल. म्हणजे त्यांच्यासाठी दारू-गोळीच्या सगळ्या शास्त्राचं सार एका वाक्यात येतं: शंभर मीटरच्या पुढे घोडा दाबायचा नाही. मी त्यांना हेच सांगितलं. वादात कोण जिंकलं ते मात्र सांगितलं नाही, कारण दोघं दोन वेगळ्या मुलखांबद्दल बोलत होते.

जखमी जनावराची किंमत कोण मोजतं, हे जिम कॉर्बेटने लिहून ठेवलंय. त्याने 1907 मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 बळी होते. तिच्या तोंडात उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले होते, एक अर्धा आणि दुसरा पार हाडापर्यंत. कारण, जुनी गोळीची जखम. नेहमीची शिकार मारता येईना म्हणून ती माणसावर वळली, असं कॉर्बेटचं निदान. ती गोळी कोणी मारली, कसल्या बंदुकीने, किती अंतरावरून, हे कोणालाच माहीत नाही. मारणारा बहुधा घरी जाऊन जेवून झोपला असेल. बंगळुरूचेच केनेथ अँडरसन .405 विंचेस्टरची 300 ग्रेनची गोळी वापरत, कॉर्बेट बरेचदा .275 रिग्बीची 140 ग्रेनची. वजनात दुपटीहून जास्त फरक, आणि दोघांनीही माणसाळलेली नव्हे, माणसावर उठलेली जनावरं पायी माग काढून मारली. दोघांना जोडणारी गोष्ट वजनात सापडत नाही. आपली गोळी किती अंतरावर काय करते हे दोघांना पाठ होतं, आणि जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही हेही.

आता आजचा कागद पाहू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. तरी मारण्याची परवानगी देणारी दारं त्या कायद्यातच आहेत. माणसाच्या जिवाला धोका असलेल्या किंवा पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. बिहारमध्ये नीलगायींना काही काळ उपद्रवी ठरवलं गेलं आणि जून 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेच्या वर नीलगायी मारल्या. केरळात 2022 पासून रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक संस्थांपर्यंत पोचले. महाराष्ट्रातही रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत आहे. वाघांसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती आहे. तिच्यात मारणारा माणूस निष्णात असावा आणि बंदूक योग्य बोरची असावी असं म्हटलंय. मला अडचण आहे ती या "योग्य बोर" शब्दांची. बोर म्हणजे भोकाचं माप. एकाच बोरमध्ये कवचाची गोळीही मिळते आणि पसरणारीही, हलकीही आणि जडही. फक्त बोर सांगणं म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर औषधाचं नाव न लिहिता बाटलीचा आकार लिहिण्यासारखं आहे.

2 नोव्हेंबर 2018 ला यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ टी-वन वाघीण मारली गेली. तिला लोक अवनी म्हणून ओळखतात. त्यावर महाराष्ट्रात किती चर्चा झाली! भुलीचा डार्ट, रात्रीची वेळ, खासगी शिकारी, परवानगीचे नियम. सगळे प्रश्न रास्त होते. पण मी वाचलेल्या त्या सगळ्या मजकुरात, अशा कामाला कुठली गोळी असावी, किती अंतराच्या आत मारावी आणि मारणाऱ्याची परीक्षा कोणी घ्यावी, यावर नियम करा अशी मागणी मला फारशी दिसली नाही. पुढच्या वाघाच्या वेळी आपण पुन्हा तिथूनच सुरुवात करणार.

वाघाची बातमी तरी होते. डुकराची होत नाही. पीक राखणीच्या परवान्यावर आपल्याकडे बहुतेक बंदुका बारा बोरच्या. त्यात एलजीचे मोजके मोठे छर्रे. पंचवीस-तीस मीटरपर्यंत ते ठीक, त्यापुढे पांगतात. रात्री बॅटरीच्या उजेडात अंतर कमी वाटतं. साठ मीटरवरच्या कळपात बार टाकला की एखादा छर्रा पोटात घेऊन डुक्कर निघून जातं. सकाळी दुसऱ्याच्या बांधावर ज्वारी कापायला आलेल्या बाईसमोर ते उभं राहतं. त्या बाईला परवान्यातलं काही ठाऊक नसतं.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कागदावर कसा सोडवलाय ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीत रानडुक्कर किंवा मोठं हरीण मारायचं तर गोळी किमान 6.5 मिलिमीटरची आणि शंभर मीटरवर तिची ऊर्जा किमान 2000 ज्यूल असली पाहिजे, असं कायदाच सांगतो. इंग्लंडच्या 1991 च्या हरणांविषयीच्या कायद्यात रायफलीच्या गोळीचं टोक मऊ किंवा पोकळ असलं पाहिजे अशी अट आहे. फिनलंडमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीआधी पंचाहत्तर मीटरवरून 23 सेंटिमीटरच्या वर्तुळात चारच्या चार गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. यातलं काहीही महाग नाही. एक तक्ता, एक कागदी निशाण आणि एक सही.

आपल्याकडे एवढंच करावं असं माझं म्हणणं आहे. मारण्याच्या प्रत्येक परवानगीवर पाच ओळी असाव्यात. बंदुकीचं आणि काडतुसाचं नाव. गोळीचं वजन आणि प्रकार, कवचाची की पसरणारी. जास्तीत जास्त अंतर, जे त्या काडतुसाप्रमाणे वनखात्याने ठरवून द्यावं. परवानाधारकाने त्याच बंदुकीने, त्याच काडतुसाने, गेल्या वर्षभरात ठरलेल्या वर्तुळात गोळ्या बसवून दाखवल्याची नोंद. आणि जनावर जखमी झालं तर किती तासांत कोणाला कळवायचं आणि माग कोणी काढायचा. जिल्ह्याच्या पोलिसांकडे रेंज असते, उस्ताद असतात. वर्षातून दोन रविवार दिले तरी तालुक्यातले परवानाधारक होऊन जातील. खडकी-इछापूरच्या कारखान्यांनी प्रत्येक खोक्यावर, या काडतुसाने कुठल्या जनावरावर किती अंतरापर्यंत मारावं, हे मराठी-कन्नडसकट स्थानिक भाषांत छापावं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मारायचंच कशाला? कुंपण घाला, भरपाई द्या. कुंपण आणि भरपाई आधी हवी, यात वाद नाही. पण भरपाई उशिरा येते आणि रात्र रोज येते. कायदेशीर, नीट मारण्याचा रस्ता नसला की माणूस तारेत वीज सोडतो. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत, आणि शेतात पाणी द्यायला गेलेली माणसंही. कुठे पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. 2020 च्या मे महिन्यात केरळात स्फोटक भरलेलं फळ खाऊन जबडा फाटलेली गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली, ती साऱ्या देशाने पाहिली. या दोन्हींच्या तुलनेत माहीतगार माणसाने जवळून मारलेली एक योग्य गोळी कमी क्रूर आहे.

दुसरा आक्षेप, शेतकऱ्याला हे ग्रेन आणि ज्यूल कशाला शिकवता, त्याला झेपणार आहे का? हा मला अपमानच वाटतो. कीटकनाशकाचं माप पंपाला किती मिली, युरिया एकरी किती, बियाणं किती सेंटिमीटर खोल, हे सगळं तो डोक्यात ठेवतो. माझे जवान बहुतेक शेतकऱ्यांचेच मुलगे. चार आठवड्यांत ते वाऱ्याचा हिशेब धरून तीनशे मीटरवर ग्रुप बांधतात. शिकवलं तर येतं. आजपर्यंत शिकवलं नाही, एवढाच फरक आहे.

ज्याच्या हाती परवाना आहे त्याला सरकारची वाट बघायची गरज नाही. आपल्या काडतुसाच्या खोक्यावरचं वजन वाचा. पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर मीटरवर, जिथे कायद्याने परवानगी आहे अशा रेंजवर, कागदावर तीन-तीन गोळ्या मारा आणि तो कागद बंदुकीच्या पेटीत ठेवा. ज्या अंतरावर तिन्ही गोळ्या ताटलीच्या आत पडत नाहीत ते अंतर तुमचं नाही. त्या अंतरावर कितीही मोठं डुक्कर उभं असलं तरी बंदूक खाली करा, फटाका वाजवा, डबा बडवा. एका रात्रीची नाचणी गेली तर पुढच्या हंगामात भरून येते.